‘आई, आले की गेले?’ : जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

विषय : तिसरी ते पाचवीच्या इंग्रजीच्या तासिका टॅबवर घेण्याचे परिपत्रक आणि मुलांची डिजिटल साक्षरता.

महोदय,

जिल्ह्याचे आणि शाळेचे नाव या पत्रात मी मुद्दाम घातलेले नाही. ज्यांना ते माहीत असायला हवे, त्यांच्या कार्यालयात याची सही केलेली प्रत गेल्या सोमवारी दिली असून तिच्यावर आवक शिक्काही घेतला आहे. बाकीच्या वाचकांनी हे गाव कोणते असेल याचा तर्क करत बसण्यापेक्षा आपापल्या गावच्या शाळेत एक तास बसून यावे, म्हणजे यातले किती आपल्याकडेही लागू पडते ते कळेल. हे पत्र सर्वांसमोर ठेवण्यामागे माझा हेतू तेवढाच आहे.

मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत प्राथमिक शिक्षिका होते. जून २००० मध्ये, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, तेव्हा मी एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळत होते. मी स्वतः एबीसीडी पहिल्यांदा गिरवली ती पाचवीत. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला, ज्याच्या घरात, गल्लीत आणि दुकानात इंग्रजीचे एक वाक्यही कानावर पडत नाही, त्याला ही भाषा शिकवायची म्हणजे सकाळी वर्गात जाऊन नेमके काय करायचे, हा प्रश्न माझ्यापुढे तेव्हापासून आहे आणि निवृत्तीनंतरही तो संपलेला नाही. आता मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ सदस्य आहे, माझी नात याच शाळेत चौथीत शिकते, आणि गुरुजींच्या परवानगीने दर बुधवारी मी तिच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसते. पुढे जे लिहिले आहे ते त्या भिंतीजवळून दिसलेले आहे.

आपल्या परिपत्रकाने इंग्रजीच्या आठवड्याच्या सहा तासिकांपैकी तीन टॅबवर घ्यायला सांगितल्या आहेत. टॅबमध्ये इंग्रजी शिकवणारे एक अ‍ॅप आधीपासून भरलेले आहे. प्रत्येक मुलाची त्यावर आठवड्याला किमान ६० मिनिटे झाली पाहिजेत, ती कमी पडली तर मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा द्यायचा, आणि केंद्रनिहाय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहानुसार, मिनिटांचा तक्ता दर शनिवारी गटावर टाकला जाणार, अशी ही योजना आहे. तिचे नाव ‘डिजिटल साक्षरता’ असे ठेवले आहे. माझा आक्षेप टॅबला नाही, या नावाला आहे.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी पाहिलेले सांगते. चौथीतला एक मुलगा टॅब घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. पडद्यावर एक इंग्रजी प्रश्न आणि खाली चार चौकटी होत्या. त्याने प्रश्नाकडे पाहिलेसुद्धा नाही. पहिली चौकट दाबली, लाल झाली. दुसरी दाबली, लाल झाली. तिसरी हिरवी झाली, टाळ्या वाजल्या, तीन तारे पडले आणि पुढचा प्रश्न आला. असे सात प्रश्न त्याने दोन-अडीच मिनिटांत उरकले. मध्येच एक वेगळी चौकट उगवली. अ‍ॅपला टॅबमधले फोटो आणि ठिकाण पाहू द्यायचे का, असे ती इंग्रजीत विचारत होती आणि खाली होकाराचे व नकाराचे अशी दोन बटणे होती. त्याने क्षणभरही न थांबता होकाराचे बटण दाबले. मी विचारले, ‘‘काय लिहिलं होतं रे त्यात?’’ तो म्हणाला, ‘‘बाई, त्याला हो म्हणायचं असतंय. नाय म्हणलं की बंद पडतं.’’

या मुलाच्या खात्यावर त्या दिवशी २२ मिनिटे जमा झाली. आपल्या तक्त्यात तो डिजिटल साक्षर होण्याच्या मार्गावर आहे.

दुसरी गोष्ट शाळेच्या बाहेरची आहे आणि हे पत्र लिहायला मी बसले ती खरे तर तिच्यामुळे. आमच्या वस्तीवरच्या एका बाईंना लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये मिळतात. बँकेचा संदेश येतो तो इंग्रजीत. घरात इंग्रजी ‘येणारी’ एकच व्यक्ती, पाचवीतली मुलगी. तिने फोन हातात घेतला की आई विचारते, ‘‘आले की गेले?’’ त्या दिवशी मी ओसरीवर बसलेली होते. मुलीने संदेश नीट, अडखळत का होईना, वाचला. ‘क्रेडिटेड’ हा शब्द तिने अक्षरे जुळवून बरोबर उच्चारला. पण त्याचा अर्थ आले असा की गेले असा, हे तिला सांगता येईना. ‘‘काहीतरी झालंय आई, आकडा आहे,’’ एवढेच ती म्हणाली. खाली आलेल्या दुसऱ्या संदेशात मात्र तिला ओळखीचा शब्द सापडला आणि तिचा चेहरा उजळला. शब्द होता ‘काँग्रॅच्युलेशन्स’. टॅबवर प्रत्येक धड्याच्या शेवटी तोच येतो, तारे पडतात, टाळ्या वाजतात. त्या संदेशात कसल्याशा बक्षिसाचा दुवा होता. मी तिथे नसते तर तिने तो दाबला असता, आणि त्यात तिची चूक काहीच नसती, कारण हा शब्द दिसला की चांगलेच घडते हे तिला शाळेनेच शिकवले आहे.

महोदय, या दोन प्रसंगांवरून मला जे म्हणायचे आहे ते असे. आपल्या मुलांच्या आयुष्यात इंग्रजी बोलणारा माणूस क्वचितच येतो. इंग्रजी बोलणारा पडदा मात्र रोज येतो. त्यांना काही विचारून उत्तरासाठी थांबणारी इंग्रजी ही एवढीच आहे, आणि ती जे विचारते ते सिंह-उंदराच्या गोष्टीसारखे निरुपद्रवी नसते. देऊ का, घेऊ का, पाठवू का, पुसून टाकू का, पैसे वळते करू का, असे ते प्रश्न असतात. म्हणून परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत इंग्रजीचा धडा आणि डिजिटल साक्षरतेचा धडा हे दोन धडे नाहीतच. पडद्यावरचे वाक्य वाचून, त्याचा अर्थ लावून, मग बोट उचलायचे की नाही हे ठरवणे हा एकच धडा आहे. आपल्या योजनेत नेमका तोच गाळला आहे. मुलांना तिथे बटणाचा रंग आणि जागा शिकायला मिळते.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार मिनिटांची. आमच्या शाळेत तिसरी ते पाचवी मिळून २४ मुले एका खोलीत, एका शिक्षकाकडे आहेत आणि टॅब ८ आहेत. तासिका ३५ मिनिटांची. तीन तासिका गुणिले ३५ मिनिटे गुणिले ८ टॅब म्हणजे आठवड्याला ८४० मिनिटे होतात, आणि आपल्याला हवी आहेत २४ गुणिले ६०, म्हणजे १४४० मिनिटे. हा चौथीच्या पुस्तकातला गुणाकार आहे. परिपत्रक काढण्यापूर्वी कार्यालयात कोणी तो करून पाहिला असता तर ६०० मिनिटांची ही तूट लगेच दिसली असती. ही तूट शाळेत कशी भरून निघते तेही सांगते, कारण गुरुजी ते खुलाशात लिहू शकणार नाहीत. दुपारी मुले व्हरांड्यात रांगेने खिचडी खायला बसतात आणि आतल्या टेबलावर आठही टॅब मुलांची नावे लावून चालू ठेवलेले असतात. मुले जेवतात, टॅब इंग्रजी शिकतात. शनिवारच्या तक्त्यात आमचे केंद्र वरच्या क्रमांकावर असते. यात मी गुरुजींना दोष देत नाही. ज्याचे माप घ्याल तेच तुम्हाला मिळेल, आणि मिनिटे मागितलीत म्हणून मिनिटे मिळाली.

दुसरी तक्रार अशी की या तीन तासिका आल्या त्या इंग्रजी बोलण्याच्या वेळेतून. शिक्षकाने मुलाला नाव विचारणे, मुलांनी एकमेकांना खडू मागणे, गाणे म्हणणे, चित्र पाहून चुकतमाकत दोन वाक्ये बोलणे, यांना काही साधन लागत नाही, पण वेळ लागतो, आणि तो वेळ आता कानाला हेडफोन लावून बसण्यात जातो. त्यात अ‍ॅपचे वाचून दाखवण्याचे जे सत्र आहे त्याचा स्वभाव वेगळाच आहे. मराठीला ‘व’ एकच आहे. इंग्रजीला त्या जागी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ अशी दोन अक्षरे आहेत. पश्चिम दिशेचा शब्द एका मुलीने आपल्या ‘व’ने वाचला आणि यंत्राने तो बनियनचा शब्द म्हणून ऐकून लाल केला. तिने चार वेळा वाचले, चार वेळा लाल झाले. ती मला म्हणाली, ‘‘आजी, मला वाचता येत नाही.’’ तिला उत्तम वाचता येते. तिथे शिक्षक असता तर ओठ कसे गोल करायचे ते दाखवून हसत पुढे गेला असता. यंत्राने तिला नापास केले आणि का केले ते सांगितले नाही. मूल भयमुक्त राहील असे शिक्षण हवे, हे शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात लिहिलेले आहे. आता हे भय यंत्राकडून येऊ लागले आहे.

तिसरी तक्रार माहितीची आहे आणि ती गंभीर आहे. अ‍ॅपवर नोंदणी करताना प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल क्रमांक भरला गेला. पालकांना एवढेच सांगितले गेले की ओटीपी येईल तो गुरुजींना सांगा. म्हणजे एकीकडे ओटीपी कोणालाही सांगू नका असे बँक ओरडून सांगते आणि दुसरीकडे शाळाच तो सांगायची सवय लावते. कोणत्या अटी मान्य केल्या त्याचा मराठीतला एक कागदही आमच्या समितीसमोर आलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे आणि शैक्षणिक संस्थांना काही सवलती आहेत, हे मला ठाऊक आहे. सवलत असली तरी पालकांना त्यांच्या भाषेत दोन ओळी सांगायला कोणता कायदा आडवा येतो? ज्या मुलाला होकाराचे बटण दाबण्यापूर्वी वाचायला शिकवायचे, त्याच्या वतीने आपण मोठ्यांनी एकही ओळ न वाचता होकार दिला आहे.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. ते ४० मिनिटांचे थेट प्रक्षेपण होते, त्यात २५ मिनिटे मान्यवरांची मनोगते होती, आणि उरलेल्या वेळेत मिनिटे कुठे दिसतात ते दाखवले गेले.

चौथी तक्रार जरा बारीक वाटेल, पण वर्गात बसणाऱ्याला ती मोठी आहे. संगणकाचा कळफलक हा मुलांसाठी इंग्रजीचा पहिला प्रत्यक्ष वापर असतो आणि त्याची ओळख करून द्यायला परिपत्रकात जागाच नाही. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला एक जुना संगणक आहे. माझ्या नातीला त्यावर आपले नाव लिहायचे होते. मिनिटभर ती बोट हवेत धरून बसली आणि मग म्हणाली, ‘‘आजी, ह्यात दुसरी एबीसीडी नाहीच आहे!’’ आमच्या वेळी छापील मोठ्या अक्षरांना पहिली, छापील लहान अक्षरांना दुसरी, वळणदार अक्षरांना तिसरी-चौथी म्हणत. घरात मी तेच शब्द वापरते म्हणून तिच्याही तोंडात ते आहेत. तिचे म्हणणे खरे होते. कळांवर सगळी मोठी अक्षरे, पडद्यावर उमटणारी सगळी लहान, आणि क्रम तर ना पुस्तकातला ना गाण्यातला. १८७० च्या दशकात टंकलेखन यंत्रासाठी अमेरिकेत रुळलेला हा क्रम आपल्या मुलांना कोणीतरी हात धरून ओळखीचा करून द्यावा लागतो. नंतर टॅबवर तिने आपले तीन अक्षरी नाव लिहिले, तर यंत्राने शेपटीला आणखी एक अक्षर चिकटवून ‘सई’चे इंग्रजी क्रियापद केले. तिला वाटले आपलेच स्पेलिंग चुकले. यंत्र सुचवते ते प्रत्येक वेळी बरोबर नसते, आपले नाव आपल्याला यंत्रापेक्षा जास्त माहीत असते, हे तिला त्या दिवशी समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि माझ्या मते तो अर्धा तास त्या महिन्यातला इंग्रजीचा सर्वांत चांगला तास होता.

हे सारे वाचून कोणी मला टॅबविरोधी म्हणेल, म्हणून सांगते. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली तेव्हा तिच्या बातम्या कापून ठेवणाऱ्यांत मी होते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा आमच्या केंद्रात आम्ही पेढे वाटले. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या मालिकेचे दुवे मी रोज सकाळी पालकांना पाठवत होते आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या दारात तोंडाला रुमाल बांधून जात होते. त्याआधी चाळिशीत एमएस-सीआयटीच्या परीक्षेला बसले, तेव्हा ‘कॅन्सल’ म्हणजे नेमके काय रद्द होते, मी लिहिलेले की मी दिलेली आज्ञा, हे इंग्रजी शिकवणाऱ्या मला दोनदा विचारावे लागले होते. त्या वर्गातल्या पोराने न हसता सांगितले, त्याचे उपकार अजून आठवतात.

आणि हाच टॅब वर्गात काय करू शकतो तेही मी पाहिले आहे. प्राण्यांच्या पाठात हरीण आले होते. एका मुलीने टॅबच्या माइकमध्ये ‘डिअर’ म्हटले आणि चित्रे मागितली, तर पत्रांची आणि शुभेच्छांची चित्रे आली. हरीण एकही नाही. वर्गात हशा पिकला. गुरुजींनी त्या दिवशी परिपत्रक बाजूला ठेवले आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले, उच्चार एक, स्पेलिंगे दोन, आणि मुलांना दोन्ही टाइप करून पाहायला लावले. एका स्पेलिंगला हरीण आले, दुसऱ्याला ‘प्रिय’ आला. स्पेलिंग पाठ का करायचे, हा प्रश्न मला ३१ वर्षांत हजारदा विचारला गेला असेल आणि त्याचे इतके चोख उत्तर मला एकदाही देता आले नव्हते. मुलांनी मग आपणहून आणखी अशा जोड्या शोधल्या. त्या तासाला अ‍ॅप उघडलेच नाही, त्यामुळे आपल्या तक्त्यात त्या दिवसाची मिनिटे शून्य आहेत.

ही मुले पुढे कुठे जातात ते पाहायचे असेल तर ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीचा २०२४ चा ग्रामीण भारताचा अहवाल समोर ठेवावा. त्यात १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे फोन चालवायला मुले आपल्याशिवायच शिकतात. जे आपोआप येते ते शिकवण्यासाठी इंग्रजीच्या तीन तासिका खर्च करायच्या, आणि जे आपोआप येत नाही, म्हणजे वाचणे, थांबणे, नाही म्हणणे, ते मात्र सोडून द्यायचे, हा व्यवहार मला तरी कळत नाही. घरातला फोन आधी मुलाच्या हातात जातो आणि मुलीच्या हाती स्वयंपाक आटोपल्यावर येतो, ही आमच्या वस्तीवरची गोष्ट मी यात धरलेलीच नाही; शाळेतल्या आठ टॅबवर मुलींची पाळी कोणती, एवढे पाहायला मात्र मी गुरुजींना सांगितले आहे.

एक बाब विषयाला धरूनच, पण थोडी बाजूची. २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला, आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. तेव्हाचा तो जोर मला आवडला होता. पण २५ वर्षांपासून जी परकी भाषा पहिलीपासून शिकवली जाते आहे तिचे काय झाले, पाचवी संपल्यावर मुलाला बँकेच्या संदेशातून आले की गेले एवढे कळते का, हे मात्र त्या गदारोळात कोणी विचारले नाही. मराठी भक्कम असलेल्या मुलालाच ‘संमती’ या शब्दाचा अर्थ कळतो आणि मग इंग्रजी बटणावर त्याचे बोट अडखळते. म्हणून माझ्या लेखी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत.

शेवटची तक्रार पद्धतीची. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख हे त्या समितीचे काम आहे. टॅब आले, अ‍ॅप आले, मुलांची माहिती गेली, आणि समितीला हे कळले ते टॅबच्या कपाटाला कुलूप घेण्यासाठी वर्गणी मागितली तेव्हा.

मागण्या सरळ आहेत, आणि एकीचा अपवाद सोडला तर त्यांना पैसे लागत नाहीत.

साप्ताहिक मिनिटांची अट आणि केंद्रनिहाय तक्ता या सत्रापासून बंद करावा. त्याऐवजी मुलांना काय वाचता आले ते पाहावे: पडद्यावरची एक चौकट मुलासमोर धरावी आणि त्यात काय विचारले आहे ते त्याने मराठीत सांगावे, मग आपण काय दाबणार आणि का, तेही सांगावे. पाच मिनिटांत होणारी ही तोंडी चाचणी आहे. केंद्रप्रमुखांना ती शाळाभेटीत सहज घेता येईल.

तीनपैकी दोन तासिका शिक्षकाच्या इंग्रजी बोलण्याला परत द्याव्यात. उरलेली एक पडद्यावरची इंग्रजी वाचण्यासाठी ठेवावी, आणि तीत अ‍ॅपचे धडे चालवू नयेत.

या तासिकेसाठी ५० शब्दांची एक यादी जिल्ह्यातल्या शिक्षकांनीच बसून करावी. मंजूर, नामंजूर, वगळा, पुढे चला, पुसा, जतन करा, पाठवा, जमा झाले, वजा झाले, पडताळा, शेअर करू नका, मोफत, बक्षीस, अशा अर्थांचे जे इंग्रजी शब्द पडद्यावर रोज येतात ते त्यात असावेत, आणि त्यांच्यासोबत चित्राऐवजी खरीखुरी चौकट छापावी. आमच्या केंद्रापुरती ३८ शब्दांची यादी मी आणि दोन शिक्षिकांनी केलेली आहे. ती आवक प्रतीसोबत जोडली आहे. कळफलकाची ओळख, यंत्राच्या सुचवणीला नकार कसा द्यायचा, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी कसा ताडून पाहायचा, हे पाचवीपर्यंत झालेच पाहिजे. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. रंगाचा खर्च समिती करील.

अ‍ॅपने मुलांची कोणती माहिती घेतली, ती कोणाकडे आहे आणि किती दिवस राहणार आहे, हे एका पानाच्या मराठी निवेदनातून प्रत्येक पालकाला कळवावे. ज्याला नको असेल त्याच्या मुलाचे नाव काढता आले पाहिजे, आणि नाव काढले म्हणून त्या मुलाचा तास बुडता कामा नये. ओटीपी गुरुजींना सांगण्याची पद्धत आजपासून थांबवावी.

शिक्षकांसाठी थेट प्रक्षेपण नको. ‘तेजस’ उपक्रमात इंग्रजी शिकवणारे प्राथमिक शिक्षक गटागटाने एकत्र बसत, आपल्या वर्गात काय जमले आणि काय फसले ते एकमेकांना सांगत आणि त्या वेळात इंग्रजी बोलायचा सरावही करत. तसे मासिक गट पुन्हा सुरू करावेत, आणि प्रवासभत्ता वेळेवर द्यावा. ज्या एका मागणीला पैसे लागतात ती हीच.

आमच्या समितीची पुढची सभा या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी साडेदहाला शाळेत आहे. ठरावाचा मसुदा तयार आहे. आपले उत्तर त्याआधी आले तर तो बदलण्याचा अधिकार समितीला आहे. शक्य असल्यास आपण स्वतः यावे. वीजबिल थकल्यामुळे वर्गातला पंखा चालू नसेल, पण टॅब शेजारच्या घरातून चार्ज करून आणलेले असतील. पाचवीतल्या त्या मुलीला मी बोलावले आहे. आपल्या फोनवर बँकेचा एखादा जुना संदेश असेल तर तो तिच्यासमोर धरावा आणि तिच्या आईने विचारले होते तेच तिला विचारावे. गेले तीन बुधवार आम्ही त्याची तयारी करत आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती